वादळाची वाट आणि अंदाजाची रुंदी

अरबी समुद्रात मे-जून महिन्यांत किंवा ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले की कोकणातील मासेमारी बंदरांपासून मुंबईच्या विमानतळापर्यंत सर्वत्र एकच प्रश्न विचारला जातो, आणि तो म्हणजे वादळ नेमके कुठे धडकणार व केव्हा. भारतीय हवामान विभागाचे उत्तर मात्र एका गावाचे नाव आणि एक वेळ असे सहसा नसते. ते ‘हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान, संध्याकाळी किंवा रात्री’ अशा स्वरूपाचे असते आणि दर काही तासांनी त्यात थोडाफार बदल होत जातो. हे उत्तर अनेकांना मोघम वाटते, वेधशाळेने हात झटकल्यासारखे वाटते, आणि वादळ शेवटी दुसरीकडे वळले तर ‘अंदाज चुकला’ असा शेरा मारून लोक मोकळे होतात. वस्तुतः त्या उत्तरातील रुंदी हा अंदाजाचाच एक भाग असतो, किंबहुना प्रवासाला निघालेल्या माणसाच्या दृष्टीने तोच सर्वांत उपयोगी भाग असतो, आणि तो वाचता न आल्यामुळे होणारे नुकसान वादळाने केलेल्या नुकसानीत दरवेळी भर घालते.

वादळाला वाट कोण दाखवते

वाऱ्याचा सातत्याने टिकणारा वेग ताशी 62 किलोमीटरपर्यंत पोहोचला म्हणजे समुद्रावरील कमी दाबाच्या प्रणालीला चक्रीवादळ म्हटले जाते आणि तिला नाव मिळते; हा वेग 89 किलोमीटरवर गेला की ते तीव्र, 118 किलोमीटरवर गेला की अतितीव्र, अशा पुढच्या पायऱ्या लागतात. एवढी प्रचंड ऊर्जा बाळगणारे हे वादळ स्वतःच्या बळावर मात्र फारसे चालत नाही. नदीच्या पात्रातील भोवरा स्वतःभोवती कितीही वेगाने फिरत असला तरी प्रवाह नेईल तिकडे जातो, त्याचप्रमाणे चक्रीवादळ जमिनीपासून साधारणपणे तीन ते दहा किलोमीटर उंचीवर वाहणाऱ्या विस्तृत वाऱ्यांबरोबर वाहत जाते. या वाऱ्यांची दिशा ठरवणारे दोन मोठे घटक अरबी समुद्राच्या परिसरात असतात. पहिला घटक म्हणजे उपोष्ण कटिबंधातील उच्च दाबाचा पट्टा, ज्याच्या दक्षिण कडेने जाणारी वादळे पश्चिमेकडे, म्हणजे ओमान किंवा येमेनच्या दिशेने, ढकलली जातात. दुसरा घटक म्हणजे उत्तरेकडून सरकणारी पश्चिमी वाऱ्यांतील द्रोणी, म्हणजे कमी दाबाचा दक्षिणेकडे झुकलेला लांबट भाग, जो वादळाला उत्तरेकडे आणि मग ईशान्येकडे, अर्थात गुजरात किंवा महाराष्ट्राच्या किनाऱ्याकडे, ओढून घेतो.

हे दोन्ही घटक ठळक आणि स्थिर असतील तेव्हा वादळाचा मार्ग बराच आधी सांगता येतो. परंतु वादळ दोन उच्च दाबांच्या मध्ये सापडले किंवा द्रोणी पोहोचण्याची वेळ काही तासांनी मागेपुढे झाली, तर वाहून नेणारा प्रवाहच क्षीण होतो आणि वादळ रेंगाळते, वळते किंवा काही काळ जागीच थबकते. जून 2023 मधील ‘बिपरजॉय’ हे चक्रीवादळ याच कारणाने नऊ दिवसांहून अधिक काळ अरबी समुद्रावर टिकून राहिले. 6 जूनला जन्मलेले हे वादळ 15 जूनच्या रात्री कच्छमधील जखाऊ बंदराजवळ किनाऱ्यावर आले, आणि मधल्या काळात ते ओमानकडे, पाकिस्तानकडे की गुजरातकडे जाणार, याविषयी जगातील वेगवेगळ्या संगणकीय प्रतिमानांचे एकमत होण्यास बरेच दिवस गेले.

संगणकाला पडणारी शंका

प्रतिमान म्हणजे वातावरणाच्या हालचालींचे भौतिक नियम गणिताच्या समीकरणांत मांडून महासंगणकावर सोडवण्याची पद्धत. या पद्धतीत आजच्या क्षणी हवा कशी आहे, हे जितके अचूक ठाऊक असेल तितकेच उद्याचे उत्तर अचूक येते, आणि अडचण नेमकी येथेच सुरू होते. 1961 मध्ये एडवर्ड लोरेन्झ या अमेरिकी हवामानशास्त्रज्ञाने संगणकावर एका साध्या हवामान-गणिताची फेरी पुन्हा करून पाहताना 0.506127 या आकड्याऐवजी 0.506 एवढाच आकडा भरला; दशांशातील हा फरक क्षुल्लक वाटण्याजोगा होता, पण दोन्ही फेऱ्यांची उत्तरे काही काळ एकमेकांसोबत चालून पुढे इतकी दूर गेली, की त्यांचा आरंभ एकाच ठिकाणी झाला होता हे ओळखता येऊ नये. वातावरणाच्या या स्वभावामुळे आरंभीची लहान चूक दिवसागणिक वाढत जाते, आणि संगणक कितीही मोठा आणला तरी तिचे वाढणे थांबत नाही.

समुद्रावर ही आरंभीची चूक जमिनीपेक्षा मोठी असते. अटलांटिक महासागरात अमेरिकेची खास विमाने वादळाच्या पोटात शिरून वारा, दाब आणि आर्द्रता प्रत्यक्ष मोजतात. उत्तर हिंदी महासागरात अशी नियमित सोय नाही. येथे भिस्त असते ती इन्सॅट मालिकेतील उपग्रहांच्या छायाचित्रांवर, समुद्रात तरंगत्या ठेवलेल्या मोजक्या बोयांवर, जहाजांकडून येणाऱ्या नोंदींवर आणि वादळ किनाऱ्यापासून काहीशे किलोमीटरच्या आत आले की मुंबई किंवा गोव्यासारख्या ठिकाणच्या डॉप्लर रडारवर. वादळाची तीव्रतादेखील बहुतेक वेळा ढगांच्या आकृतिबंधावरून, म्हणजे ते किती घट्ट वळले आहेत आणि मध्यभागी डोळा उमटला आहे की नाही यावरून, ठरवली जाते. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ व्हर्नन ड्वोराक यांनी 1970 च्या दशकात विकसित केलेली ही पद्धत आजही जगभर वापरात आहे. वादळाचे केंद्र ढगांच्या दाट आवरणाखाली झाकलेले असेल, तर ते आत्ता कुठे आहे हेच काही किलोमीटरच्या फरकाने सांगावे लागते, मग ते परवा कुठे असेल याचे उत्तर बिनचूक कसे येणार?

या शंकेवर शास्त्रज्ञांनी शोधलेला उपाय असा, की तिला दडवण्याऐवजी मोजावे. आरंभीच्या स्थितीत जाणूनबुजून छोटे छोटे बदल करून तेच प्रतिमान अनेकदा चालवले जाते आणि त्यातून मार्गांचा एक जुडगा मिळतो. याला समूह-अंदाज म्हणतात. युरोपीय मध्यम-पल्ला हवामान केंद्राच्या समूहात 51 मार्ग असतात, तर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने उभारलेली आणि 2018 पासून वापरात आलेली समूह-पद्धत 21 मार्ग देते. हे सारे मार्ग एकमेकांना चिकटून चालले असतील तर अंदाजकर्त्याला विश्वास वाटतो. झाडूच्या काड्यांप्रमाणे ते फाकले असतील तर त्याला सावध शब्द वापरावे लागतात. एखाद्या दूरचित्रवाणी वाहिनीने किंवा मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशाने त्यातील एकच काडी उचलून ‘वादळ अमुक शहरावर येणार’ असे सांगितले, तर ते अंदाजाचे विपर्यस्त रूप ठरते, मग ती काडी खऱ्या प्रतिमानातून आलेली का असेना.

शंकू कसा वाचावा

हवामान विभागाच्या नकाशावर वादळाच्या पुढील मार्गाभोवती जो निमुळता सुरू होऊन रुंदावत जाणारा पट्टा दिसतो, त्याला अनिश्चिततेचा शंकू म्हणतात. त्याची रुंदी मनाने ठरवलेली नसते, तर मागील काही वर्षांत विभागाचे स्वतःचे अंदाज सरासरी किती किलोमीटरने चुकले, यावरून ती काढली जाते. 2016 ते 2020 या पाच वर्षांत उत्तर हिंदी महासागरातील वादळांच्या केंद्राविषयीची ही सरासरी चूक 24 तास आधीच्या अंदाजात सुमारे 77 किलोमीटर, 48 तास आधीच्या अंदाजात सुमारे 117 किलोमीटर आणि 72 तास आधीच्या अंदाजात सुमारे 159 किलोमीटर होती. तीन दिवस आधीची 159 किलोमीटरची चूक म्हणजे मुंबई आणि पुणे यांच्यातील रस्त्याच्या अंतराएवढी चूक, आणि तीही सरासरी. काही वादळांत ती याहून कमी, तर काहींत याहून बरीच जास्त असते.

या शंकूविषयी दोन गैरसमज सर्रास आढळतात. पहिला गैरसमज असा, की शंकू म्हणजे वादळाचा आकार होय. वास्तविक शंकू फक्त वादळाचे केंद्र कुठे कुठे जाऊ शकते तेवढेच दाखवतो. वारा, पाऊस आणि लाटा यांचा विस्तार त्या केंद्राभोवती शेकडो किलोमीटर असू शकतो. दुसरा गैरसमज असा, की शंकूच्या मधोमध काढलेली रेषा हाच खरा मार्ग आणि कडेचा भाग केवळ सावधगिरीपुरता. वास्तविक वादळ मधल्या रेषेवरून तंतोतंत जाणे हेच दुर्मीळ असते, आणि अधूनमधून ते शंकूच्या बाहेरही जाते.

किनाऱ्याच्या बाबतीत या चुकीला भूमितीही हातभार लावते. वादळ किनाऱ्याकडे काटकोनात येत असेल, तर मार्गाच्या अंदाजातील 50 किलोमीटरच्या चुकीने धडकण्याचे ठिकाण तेवढेच, म्हणजे 50 किलोमीटर, सरकते. तेच वादळ किनाऱ्याशी 30 अंशांचा कोन करून येत असेल तर ठिकाण 100 किलोमीटर सरकते, आणि कोन 15 अंशांपर्यंत खाली आला तर जवळजवळ 200 किलोमीटर. भारताचा पश्चिम किनारा दक्षिणोत्तर पसरलेला आहे आणि अरबी समुद्रातील अनेक वादळे त्याला समांतर उत्तरेकडे चढत येतात, त्यामुळे येथे दिशेतील थोडासा फरक वादळाला रत्नागिरीऐवजी वेरावळला किंवा वेरावळऐवजी खोल समुद्रात नेऊ शकतो.

तीन वादळे, तीन धडे

जून 2019 मधील ‘वायू’ हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. अतितीव्र झालेले हे वादळ 13 जूनला सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, वेरावळच्या परिसरात, धडकेल असा अंदाज होता. गुजरातमधील सुमारे तीन लाख लोकांना सुरक्षित स्थळी हलवण्यात आले, पोरबंदर, दीव, भावनगर, केशोद आणि कांडला या विमानतळांवरील उड्डाणे थांबवण्यात आली आणि पश्चिम रेल्वेने अनेक गाड्या रद्द केल्या. प्रत्यक्षात वादळ ऐनवेळी पश्चिमेकडे झुकले, किनाऱ्याला घासून पुढे गेले आणि समुद्रावरच क्षीण होत गेले. किनाऱ्यालगतच्या मार्गात वर सांगितलेली भूमिती किती निर्णायक ठरते, हे येथे दिसले. वळण लहान होते, परिणामातील फरक मात्र प्रचंड होता.

‘निसर्ग’ चक्रीवादळाने 3 जून 2020 रोजी दुसरा धडा दिला. त्याचे केंद्र हरिहरेश्वर ते दमण या सुमारे 270 किलोमीटरच्या पट्ट्यात किनारा ओलांडेल, असे आरंभी सांगण्यात आले होते. पुढच्या अंदाजांत हा पट्टा अलिबागजवळ एकवटत गेला आणि वेळही संध्याकाळ-रात्रीवरून दुपारवर आली. दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ते अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. मुंबईवर मोठे संकट येणार म्हणून सर्वांचे लक्ष मुंबईकडे लागले होते, पण शहर तुलनेने हलक्यात सुटले आणि श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, दापोली, मंडणगड हा परिसर उद्ध्वस्त झाला. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे ज्या दिशेने वादळ चालले असेल त्याच्या उजव्या हाताला वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो आणि वादळाच्या चालीचा वेगही त्यात मिळतो, तर डाव्या हाताला वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो व तुलनेने सौम्य राहतो. ईशान्येकडे सरकणाऱ्या ‘निसर्ग’च्या डाव्या हाताला मुंबई होती आणि उजव्या हाताला दापोली-मंडणगड. हेच केंद्र आणखी साठ-सत्तर किलोमीटर उत्तरेला सरकले असते, म्हणजे 24 तासांच्या सरासरी चुकीपेक्षाही कमी अंतराने, तर मुंबईची बाजू बदलली असती. मुंबईकरांनी ‘काहीच झाले नाही’ म्हटले त्याच दुपारी श्रीवर्धनच्या वाड्यांमध्ये प्रसिद्ध रोठा सुपारीची पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली झाडे मधोमध मोडून पडत होती; सुपारीचे नवे रोप फळावर येण्यास कित्येक वर्षे लागतात, आणि तेवढी वर्षे त्या घरांचे उत्पन्न थांबले.

तिसरा धडा मे 2021 मधील ‘तौक्ते’चा. हे वादळ गुजरातच्या किनाऱ्यावर पोरबंदर आणि नलिया यांच्या दरम्यान 18 मे रोजी पोहोचेल, असा सुरुवातीचा अंदाज होता. तो बदलत बदलत पूर्वेकडे आणि अलीकडे सरकला, आणि प्रत्यक्षात वादळ 17 मेच्या रात्रीच दीवजवळ धडकले. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर त्याचे केंद्र आलेच नाही, ते मुंबईपासून सुमारे दीडशे किलोमीटर पश्चिमेकडून उत्तरेला गेले. तरीही कुलाब्याला वाऱ्याच्या झोताचा वेग ताशी 114 किलोमीटर नोंदला गेला आणि सांताक्रूझला एका दिवसात 230 मिलिमीटर पाऊस पडला, कारण किनाऱ्याला समांतर चढत जाणाऱ्या या वादळाच्या उजव्या हाताला सबंध कोकण होते. याच दिवशी मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात नांगर तुटून वाहत गेलेला ‘पी-305’ हा तराफा बुडाला आणि त्यावरील तसेच ‘वरप्रदा’ या नौकेवरील मिळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. वादळ महाराष्ट्रावर येणार नाही हा अंदाज खरा ठरला, आणि तरीही महाराष्ट्राच्या समुद्रात एवढी माणसे गेली. केंद्राचा मार्ग आणि संकटाचा विस्तार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यापेक्षा कठोरपणे कुणी सांगू शकणार नाही.

प्रवासावर होणारा परिणाम

मार्गातील अनिश्चितता प्रवासाच्या वेळापत्रकात उतरते तेव्हा तिचे रूप बदलते, कारण वाहतूक करणाऱ्या प्रत्येक यंत्रणेला निर्णय घेण्यासाठी वेगवेगळा अवधी लागतो. विमानतळाच्या बाबतीत वाऱ्याच्या वेगाइतकीच त्याची दिशा महत्त्वाची असते; धावपट्टीला आडवा येणारा वारा विमानाला कडेला ढकलतो, म्हणून प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी अशा वाऱ्याची मर्यादा घालून दिलेली असते. मुंबईची मुख्य धावपट्टी जवळपास पूर्व-पश्चिम आहे. वादळ शहराच्या पश्चिमेकडून उत्तरेला जाऊ लागले की शहरावरचा वारा आग्नेयेकडून दक्षिणेकडे आणि मग नैऋत्येकडे फिरतो, म्हणजे ऐन जोराच्या वेळी तो मुख्य धावपट्टीला आडवा पडतो. ‘तौक्ते’च्या दिवशी मुंबई विमानतळ सकाळी 11 पासून प्रथम केवळ काही तासांसाठी बंद ठेवण्याचे ठरले होते, वादळाची चाल आणि वाऱ्याचा जोर पाहत ही मुदत टप्प्याटप्प्याने वाढवावी लागली आणि अखेर विमानतळ रात्री 10 पर्यंत बंद राहिला. दुपारी दोन वाजता विमान निघेल या हिशेबाने घराबाहेर पडलेल्या प्रवाशाच्या दृष्टीने ही अंदाजाची चूक होती, परंतु वादळाच्या वेगातील थोडा फरकही असाच परिणाम घडवतो: 300 किलोमीटर दूर असलेले वादळ ताशी 15 किलोमीटर वेगाने आले तर 20 तासांत पोहोचते आणि ताशी 10 किलोमीटर वेगाने आले तर 30 तासांत. दहा तासांचा हा फरक एका विमानतळाच्या अर्ध्या दिवसाच्या उड्डाणांएवढा असतो. शिवाय वारा पडल्यावरही उड्डाणे लगेच सुरळीत होत नाहीत, कारण विमाने दुसऱ्या शहरांत अडकलेली असतात आणि वैमानिकांच्या कामाचे नियमाने ठरलेले तास संपलेले असतात.

रेल्वेची गोष्ट निराळी आहे. लांब पल्ल्याची गाडी एकदा निघाली की तिला मध्येच परत फिरवणे अवघड असते, म्हणून वादळ पोहोचण्याच्या एक-दोन दिवस आधीच गाड्या रद्द करणे, अलीकडच्या स्थानकापर्यंतच चालवणे किंवा दुसऱ्या मार्गाने वळवणे, असे निर्णय घ्यावे लागतात. म्हणजे शंकू अजून रुंद असतानाच रेल्वेला उत्तर द्यावे लागते. कोकण रेल्वेने वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रे रत्नागिरीजवळच्या पानवल पुलावर, गोव्यातील मांडवी व जुवारी या नद्यांवरील पुलांवर आणि कर्नाटकातील शरावती पुलावर बसवली आहेत, कारण सुमारे 64 मीटर उंचीच्या पानवलच्या पुलावर गाडी असताना येणारा वारा आणि खाली स्थानकात जाणवणारा वारा यांत मोठा फरक असतो. दोन दिवस आधीचा ढोबळ अंदाज आणि त्या क्षणाचे अचूक मोजमाप यांची अशी सांगड घातली, तरच अनिश्चिततेत सुरक्षित वाहतूक चालवता येते.

समुद्रमार्गाची परंपरा याबाबत सर्वांत जुनी आहे. कोकणातल्या कुठल्याही बंदरावर ‘तीन नंबरचा बावटा’ लागला याचा अर्थ मच्छीमाराला समजावून सांगावा लागत नाही. भारतीय बंदरांवर 1 ते 11 क्रमांकांचे इशारे लावण्याची पद्धत आहे आणि त्यांतील धोक्याच्या इशाऱ्यांत वादळाची बाजू बारकाईने सांगितलेली असते: पाचव्या इशाऱ्याचा अर्थ वादळ बंदराला आपल्या डाव्या हाताला ठेवून जाईल, सहाव्याचा अर्थ उजव्या हाताला ठेवून जाईल, आणि सातव्याचा अर्थ ते बंदरावरून किंवा अगदी जवळून जाईल, आठ, नऊ आणि दहा हे याच तीन शक्यतांचे अधिक गंभीर इशारे होत. अकरावा इशारा मात्र वेगळाच आहे. हवामान केंद्राशी संपर्क तुटला असून हवा बिघडण्याचा धोका आहे, एवढेच तो सांगतो. माहिती नसणे हीदेखील एक माहिती असून ती खांबावर चढवून सर्वांना दाखवली पाहिजे, हे ज्यांनी ठरवले त्यांना अनिश्चिततेचे मोल पुरते कळले होते.

शंका असताना निर्णय कसा घ्यावा

हवामान विभाग चक्रीवादळाची सूचना टप्प्याटप्प्याने देतो: साधारण 72 तास आधी पूर्वसूचना, 48 तास आधी पिवळ्या रंगाचा सावधानतेचा इशारा, 24 तास आधी नारिंगी रंगाचा इशारा आणि सुमारे 12 तास आधी किनारा ओलांडल्यानंतर काय होईल याविषयीचा लाल रंगाचा इशारा. प्रवाशाने आपला निर्णय याच पायऱ्यांना बांधावा. पहिल्या पायरीवर तिकीट रद्द करण्याची गरज नसते, पण तिकिटाचे नियम वाचून ठेवण्याची, पर्यायी दिवस मनात धरण्याची आणि समुद्रकिनारी मुक्काम असेल तर तेथील लोकांशी बोलून घेण्याची ती वेळ असते. दुसऱ्या पायरीवर लहान मुले, वृद्ध किंवा आजारी माणसे सोबत असतील तर प्रवास पुढे ढकलणे शहाणपणाचे ठरते. तिसऱ्या पायरीवर किनारी भागात रस्त्याने जाणेही टाळावे, कारण पडलेली झाडे आणि विजेच्या तारा वादळानंतरही दिवसचे दिवस रस्ते अडवून ठेवतात.

या निर्णयामागील हिशेब साधा आहे. प्रवास पुढे ढकलण्याचा खर्च दोन हजार रुपये असेल आणि अडकून पडल्यास होणारे नुकसान वीस हजारांचे असेल, तर वादळाचा फटका बसण्याची शक्यता दहात एक एवढी असली तरी पुढे ढकलणे परवडते. नुकसान पैशांचे नसून जिवाचे असेल, तर याहून कितीतरी कमी शक्यतेलाही मागे फिरणे योग्य ठरते. म्हणूनच एकाच अंदाजावर कार्यालयात जाणारा माणूस घराबाहेर पडला आणि तांडेलाने होडी किनाऱ्यावर ओढली, तर दोघांचेही निर्णय बरोबर असू शकतात. ‘बिपरजॉय’ गुजरातच्या किनाऱ्यापासून अजून दूर असताना, 12 जून 2023 रोजी, जुहूच्या समुद्रात उतरलेली चार मुले बुडाली. मुंबई त्या वादळाच्या शंकूत नव्हती, लाटा मात्र मुंबईपर्यंत आलेल्या होत्या, आणि किनाऱ्यावर जाण्याचा मोह आवरण्याची किंमत त्या दिवशी शून्य रुपये होती.

अंदाजशास्त्राची प्रगती लहान नाही. 1999 मध्ये ओडिशावर आलेल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. 2019 मध्ये त्याच किनाऱ्यावर ‘फनी’ आले तेव्हा सुमारे बारा लाख लोक आधीच हलवलेले होते आणि ओडिशातील मृतांची संख्या 64 होती. तरीही शंकू नाहीसा होणार नाही, तो फक्त अरुंद होत जाईल, आणि वादळाची तीव्रता अचानक वाढण्याचा अंदाज तर मार्गाच्या अंदाजापेक्षाही अवघड राहील. म्हणून पुढच्या वेळी समुद्रात वादळ उठल्याचे कळले, की वाचकाने मोबाइलवर फिरत आलेला नकाशा न पाहता हवामान विभागाचे ताजे पत्रक पाहावे, ते किती वाजता निघाले ते आधी वाचावे, आपले ठिकाण मार्गाच्या उजव्या हाताला येते की डाव्या ते तपासावे, आणि वादळ टळले तर अंदाजकर्त्यांना दोष देण्याची घाई करू नये. ‘वायू’च्या वेळी घर सोडून गेलेली तीन लाख माणसे नंतर आपापल्या घरी परतली. त्या अंदाजाला चूक म्हणायचेच असेल तर अशी चूक पुन्हा पुन्हा व्हावी, कारण तिच्या शेवटी माणसे घरी परतलेली असतात.